डीएम कार्डिऑलॉजी करून आपल्याच जिल्ह्यात परतायचं असेल तर

प्रश्न असा आहे: "मी एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव मराठवाड्यातलं, वडील शेती करतात. डीएम कार्डिऑलॉजी करून आपल्याच जिल्ह्यात परतायचं मनात आहे. पण सगळे म्हणतात, कॅथ लॅब नसलेल्या गावात कार्डिऑलॉजिस्ट जाऊन काय करणार? शिकण्यात घातलेली वर्षं वाया जातील का? आणि परतायचंच असेल तर आत्तापासून काय शिकून घ्यावं?"

वर्षं वाया जात नाहीत. जिल्ह्याच्या गावी बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून खात्रीने सांगतो. आपल्याकडच्या हृदयरोग्याचं बरंवाईट बहुतेक वेळा तो कॅथ लॅबमध्ये पोचण्याआधी आणि तिथून घरी गेल्यानंतर ठरतं. मधला भाग, म्हणजे कॅथ लॅबमधलं अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचं काम, तुम्हाला डीएममध्ये उत्तम शिकवतील. आधीचं आणि नंतरचं मात्र तुम्हाला ठरवून, स्वतःहून शिकावं लागेल. ते अभ्यासक्रमात जवळपास नाहीच.

आधी वर्षांचा हिशेब. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, एमडी तीन, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी, तीन. तिच्या तोडीची डीआरएनबी केलीत तरी तीनच. सगळं सलग लागलं तर साडेअकरा वर्षं होतात, पण सलग फार थोड्यांचं लागतं. प्रवेशपरीक्षांत एखाद-दुसरं वर्ष जातं, सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर बंधपत्राची सेवा असते. स्वतःच्या जबाबदारीवर अँजिओप्लास्टीची वायर हातात धरेपर्यंत तिशी मागे पडलेली असते. घरच्यांना हे आत्ताच नीट समजावून सांगा. शेतकरी घरात मुलगा डॉक्टर झाला म्हणजे आता घराला हातभार लागणार अशी अपेक्षा असते आणि त्यात काही चूक नाही. बंधपत्राचं वर्ष निवडता आलं तर स्वतःच्या जिल्ह्यातलं रुग्णालय मागून घ्या. पुढे ज्यांच्याबरोबर आयुष्यभर काम करायचंय ते मेडिकल ऑफिसर, सिस्टर, टेक्निशियन तुम्हाला तिथेच भेटतील.

डीएमच्या तीन वर्षांत मिळतं भरपूर. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आयसीसीयूत (हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात) एका रात्रीत जे दिसतं ते खासगी रुग्णालयात महिनाभरात दिसत नाही. पहिल्या वर्षी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत बसून मान आखडते, पण डोळा तिथेच तयार होतो. टेम्पररी पेसिंग, म्हणजे तात्पुरता पेसमेकर लावणं, रात्री दोन वाजता एकट्याने करावं लागतं. मग मनगटातून अँजिओग्राफी, मग अँजिओप्लास्टी, अरुंद झडप फुग्याने उघडणं, पेसमेकर. क्ष-किरणांपासून वाचवणारा जड लेड एप्रन अंगावर चढवून तासन्‌तास उभं राहायची सवय होते. पाठीच्या व्यायामाला पहिल्या दिवसापासून लागा, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. ही तीन वर्षं कुठल्याही कारणाने पातळ करू नका. "मला गावातच जायचंय, मग कॉम्प्लेक्स अँजिओप्लास्टी कशाला शिकू" असा विचार मनात येईल. तो बाजूला ठेवा. आपल्या हातून काय होऊ शकतं हे पक्कं माहीत असलेला माणूसच कुणाला पुढे पाठवायचं आणि कुणाला इथेच ठेवायचं हे धीराने ठरवू शकतो.

जे मिळत नाही ते असं. रेसिडेंटची पेशंटशी गाठ दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंत. स्टेंट टाकला, आपल्याकडच्या भाषेत 'स्प्रिंग बसवली', दोन दिवसांनी कार्ड हातात दिलं आणि पेशंट गेला. तिसऱ्या महिन्यात त्याने रक्त पातळ करायची गोळी का बंद केली, हे रेसिडेंटला कधी कळतच नाही. मला रोज कळतं. "आता बरं वाटतंय", "गोळ्या गरम पडतात", "एवढ्या गोळ्या खाऊन किडनी जाते म्हणतात", "संपल्या होत्या, पण पेरणी चालू होती". अटॅकनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या (एक अॅस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेलसारखी) साधारण वर्षभर लागतात, आणि पहिल्या काही महिन्यांत त्या सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा, बहुधा पहिल्यापेक्षा मोठा अटॅक येऊ शकतो. रेसिडेंट असतानाच एक साधी सवय लावून घ्या: आपल्या युनिटच्या काही पेशंटना महिन्याने फोन करा आणि "गोळ्या चालू आहेत ना?" असं न विचारता "कुठकुठल्या गोळ्या घेता, हातात घेऊन सांगा" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

आता मुख्य गोष्ट, अटॅकची. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २० हजारांवर रुग्णांची 'क्रिएट' नावाची नोंदवही २००८ साली लॅन्सेटमध्ये आली. तिच्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) होता ३६० मिनिटं. सहा तास! हृदयाचा स्नायू पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त वाचवता येतो. हे सहा तास कुठे जातात ते मला ओपीडीत बसून ऐकू येतं. रात्री छातीत भरून आलं, घाम फुटला. घरच्यांनी 'पित्त झालंय' म्हणून सोडा दिला, ओवा दिला. पहाटे गावातल्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी गॅसचं इंजेक्शन दिलं. उजाडल्यावर तालुक्याला नेलं, तिथे पट्टी (ईसीजी) काढली, पट्टीत अटॅक दिसला, आणि "ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणून गाडीत घातलं. मोठा दवाखाना तीन तास लांब.

हा शेवटचा टप्पा आपल्या हातात आहे. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल आणि त्रास सुरू होऊन बारा तास उलटले नसतील, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथे पट्टी काढली तिथेच द्यायचं, मग गाडीत घालायचं, आणि इंजेक्शन लागू पडलं असेल तर ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट अर्ध्या ते एक तासात सलाइनमधून. टेनेक्टेप्लेस असेल तर वजनाप्रमाणे एकच बोलस, पंचाहत्तरीच्या पुढे निम्मा डोस. बरोबर अ‍ॅस्पिरिन चावून, आणि क्लोपिडोग्रेल. यातलं काहीही तुम्हाला नवीन नाही. प्रश्न असा आहे की तालुक्याचा डॉक्टर हे का देत नाही? ज्ञान कमी म्हणून नव्हे. मेंदूत रक्तस्राव झाला तर, नातेवाईक अंगावर आले तर, आपल्या बाजूने बोलायला कोण आहे, या भीतीने तो देत नाही. ही भीती कमी करणं हे जिल्ह्यातल्या कार्डिऑलॉजिस्टचं पहिलं काम. माझ्या मते अँजिओप्लास्टीच्याही आधीचं.

आमच्याकडे यासाठी डॉक्टरांचा फोनवरचा एक गट आहे. तालुक्यांचे फिजिशियन, ग्रामीण रुग्णालयांचे मेडिकल ऑफिसर, काही जनरल प्रॅक्टिशनर. नियम मोजके. पेशंटचं नाव झाकायचं. पट्टी टेबलावर सपाट ठेवून, सावली न पाडता फोटो काढायचा. सोबत चारच गोष्टी लिहायच्या: वय, त्रास कधी सुरू झाला, बीपी, आणि पूर्वी लकवा किंवा रक्तस्राव झालाय का. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर थेट फोन. आणि माझ्याकडून उत्तर येतं ते एका वाक्यात, जबाबदारी घेऊन: "लायसिस (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) द्या, मी सांगितलंय असं केसपेपरवर लिहा."

एक उदाहरण सांगतो, कारण यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. रात्री फोटो आला. पन्नाशीचा माणूस, पट्टीच्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी हा भाग वर उचललेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक. बीपी १००च्या आसपास. डॉक्टरांनी लिहिलं होतं, "सॉर्बिट्रेट जिभेखाली देऊ का?" छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट हा आपल्याकडे रिवाज झालाय, आता तर लोक खिशात घेऊन फिरतात. मी म्हटलं थांबा, उजव्या बाजूची लीड घ्या. व्ही-४-आर काढायला इलेक्ट्रोड उजव्या छातीवर लावायचा एवढंच. तिथेही एसटी वर होतं. उजव्या कप्प्याचा अटॅक असला की हृदय सगळं शिरांतून परत येणाऱ्या रक्तावर चालतं. सॉर्बिट्रेट शिरा सैल करतं, परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी धाडकन कोसळतं. त्या माणसाला सॉर्बिट्रेटऐवजी सलाइन दिलं, बीपी सावरलं, मग स्ट्रेप्टोकायनेज. दीड तासाने दुसरी पट्टी आली, एसटी निम्म्याहून खाली उतरलं होतं. सकाळी १०८ मधून अँजिओग्राफीसाठी रवाना. हे सगळं तालुक्याच्या डॉक्टरांनी केलं. मी फक्त फोनवर होतो. त्या रात्रीनंतर ते डॉक्टर स्वतः होऊन उजवी लीड काढतात. दुसरी पट्टी उतरली नसती तर मात्र वाट न बघता रात्रीच पुढे पाठवायचं, हेही त्यांना पाठ आहे.

अशी साखळी मोठ्या प्रमाणावर उभी राहू शकते हे तामिळनाडूत दिसलं. लहान रुग्णालयं आणि कॅथ लॅब असलेली केंद्रं जोडणाऱ्या तिथल्या स्टेमी प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आधीच्या तुलनेत वेळेत अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि वर्षभरातले मृत्यू कमी झाले. आपल्याकडे १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, सरकारी आरोग्य योजनेतली रुग्णालयं आहेत. त्यांना फोनने आणि ओळखीने जोडणारा माणूस लागतो, आणि तो जिल्ह्यात राहणाराच असावा लागतो.

दुसरी गोष्ट झडपांची. शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयात शिकलेल्यांना वाटतं संधिवाताचा ताप (र्‍हुमॅटिक फीव्हर) आणि त्यातून होणारा झडपांचा आजार आता पुस्तकात उरलाय. आमच्या ओपीडीत तो अजून खुर्चीवर बसलेला असतो. विशीतली बाई, पाचवा महिना, दम लागतो म्हणून येते, गावात 'अशक्तपणा' म्हणून लोहाच्या गोळ्या आणि सलाइन चाललेलं असतं. स्टेथोस्कोप नीट लावला तर मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे अरुंद झालेली मायट्रल झडप, ऐकू येतो. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, अरुंद झडपेतून ते पुढे जात नाही आणि फुप्फुसात पाणी साठतं. अशा बाईला सलाइन लावणं म्हणजे तिला बुडवणं. म्हणून हात जोडून सांगतो, एको मशीन कितीही चांगलं मिळालं तरी कानाने ऐकायची सवय सोडू नका. एको मागवायचा की नाही हे कान ठरवतो, आणि गावात मशीन प्रत्येक ठिकाणी नसतं.

हा ताप पुन्हा येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून या आजारात दर तीन आठवड्यांनी १२ लाख युनिट बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. औषध जुनं आणि स्वस्त, तरी ते चुकतं. एक तर रिअ‍ॅक्शनच्या भीतीने बरेच दवाखाने ते टोचायलाच तयार नसतात. दुसरं कारण आपल्या भागाचं खास आहे: ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या गुढीपाडव्याच्या आसपास परततात. पाच-सहा महिने पेशंट कोल्हापूर, सांगलीकडे किंवा पार कर्नाटकात. तिथे कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहणारी मुलगी पहाटे फडात जाते, ती इंजेक्शनसाठी कुठे शोधाशोध करणार? आम्ही एक साधी व्यवस्था केली. निघण्याआधी मुकादमाकडून कारखान्याचं नाव घ्यायचं, त्या भागातल्या एखाद्या डॉक्टरशी फोनवर बोलायचं, आणि पेशंटच्या हातात एक जाड कागद द्यायचा. त्यावर मराठीत तारखा, औषधाचं नाव आणि डोस, आधी किती वर्षं रिअ‍ॅक्शनशिवाय घेतलंय ते, तरीही अ‍ॅड्रिनलिन जवळ ठेवूनच टोचावं ही सूचना, आणि माझा नंबर. आधीची इंजेक्शनं सुरळीत गेलीत हे लिहिलेलं दिसलं की समोरचा डॉक्टर टोचायला तयार होतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावा लागतो, कारण कोपीत ओल असते.

झडप बदललेल्यांचं तर आणखी जपावं लागतं. धातूची झडप असेल तर असिनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जन्मभर, आणि रक्त किती पातळ झालंय हे दाखवणारी आयएनआर तपासणी वेळोवेळी. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना अशी रक्ततपासणी लागत नाही म्हणून त्या सोयीच्या वाटतात, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. संधिवाताच्या मायट्रल स्टेनोसिसमध्ये ठोके अनियमित झाले असतील तर तिथेही जुनी गोळीच सरस, हे २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात दिसलं. त्यामुळे तालुक्याच्या लॅबमध्ये आयएनआर भरवशाचा होतो का हे बघणं तुमच्या कामाचा भाग होतो. लॅबवाल्याला भेटा, त्याची उपकरणं आणि अभिकर्मक बघा. डीएममध्ये हे कुणी शिकवत नाही.

बीपीबद्दल थोडक्यात. इथे कार्डिऑलॉजिस्टपेक्षा आशाताई, सिस्टर आणि उपकेंद्र मोठं काम करतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्याचं सूत्र साधं: ठरलेलं औषध, बहुधा अ‍ॅम्लोडिपिनने सुरुवात, ठरलेल्या पायऱ्या, आणि न आलेल्या माणसाचा पाठपुरावा. तुम्ही यात मिसळा. तिथल्या गोळ्या बदलून महागड्या ब्रँड लिहू नका. आणि मिश्रीबद्दल विचारायला विसरू नका, "तंबाखू खाता का?" म्हटलं की आजी नाही म्हणते, कारण मिश्री तिच्या हिशेबी तंबाखूत येतच नाही.

आता पैशांचं. हा विषय टाळून गावात प्रॅक्टिस होत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी हाच स्टेंट लाखाच्या पुढे लावला जायचा. राजीव गांधी जीवनदायी, आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, हिच्यामुळे अँजिओप्लास्टी, बायपास, झडपांची ऑपरेशनं गरिबाच्या आवाक्यात आली. पण योजनेत बसतं म्हणून स्टेंट टाकायचा, हा मोह सगळीकडे आहे. अटॅक आला असेल तर स्टेंट जीव वाचवतो. मात्र चालल्यावरच दुखतं, विश्रांतीत थांबतं, असा स्थिर त्रास असेल तर बहुतेकांत स्टेंटने आयुष्य वाढत नाही. २००७ चा 'करेज' आणि २०२० चा 'इस्केमिया', दोन्ही मोठे अभ्यास हेच सांगतात. डाव्या मुख्य धमनीचा अडथळा आणि कमकुवत झालेलं हृदय यांचा विचार वेगळा करावा लागतो. "काका, तुमचा ब्लॉकेज गोळ्यांवर राहील" हे सांगायला वीस मिनिटं जातात, स्टेंट टाकायलाही बहुधा तेवढीच. ती वीस मिनिटं द्या. आणि कट, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, घेऊ नका, देऊ नका. त्याविरुद्ध राज्यात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदासुद्धा झाला होता. सुरुवातीला केसेस कमी येतील, हे खरं आहे. पण ज्या डॉक्टरांना रात्री तुमच्या फोनवर विश्वास ठेवून इंजेक्शन द्यायचंय, त्यांना तुमचा सल्ला पैशासाठी नाही याची खात्री असावीच लागते. वर सांगितलेला गट या खात्रीशिवाय एक महिनाही चालणार नाही.

"कॅथ लॅब नसलेल्या ठिकाणी काय करणार" म्हणणाऱ्यांना डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम दाखवा. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्यासमोर दगावत होती. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले, नाडी, बीपी, श्वास लिहीत राहिले. विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. त्यांची निरीक्षणं १९८२ साली लॅन्सेटमध्ये आली. पुढे त्यांनी प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी या रुग्णांत वापरली आणि मरणारी मुलं वाचू लागली. आज विंचूदंशाच्या उपचारात ती गोळी आहे. हृदय बंद पडण्याचा एक प्रकार समजला आणि त्यावर इलाज सापडला, तो एका आरोग्य केंद्राच्या कॉटशेजारी.

परत आल्यावर पहिल्या दिवशी कॅथ लॅबचं कर्ज काढू नका. चांगलं एको मशीन, टीएमटी (चालत्या पट्ट्यावरची हृदयतपासणी), सहा-आठ खाटांचं आयसीसीयू, टेम्पररी पेसिंगची सोय आणि सी-आर्म हे हलवता येणारं क्ष-किरण यंत्र, एवढ्यावर सुरुवात होते. आठवड्यातले एक-दोन दिवस जवळच्या शहरातल्या कॅथ लॅबमध्ये स्वतःच्या पेशंटच्या अँजिओप्लास्टी करा, म्हणजे हात चालू राहतो आणि पेशंटलाही ओळखीचा डॉक्टर मिळतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर बसला की कुणाला स्टेंट टाकायचा हा निर्णय हळूहळू हप्ताच घ्यायला लागतो, हे मी चांगल्या माणसांच्या बाबतीत होताना पाहिलंय. पेशंट वाढले, जिल्ह्यात दुसरा कार्डिऑलॉजिस्ट आला, की दोघांनी मिळून कॅथ लॅबचं बघावं. एकट्याने चोवीस तास प्रायमरी (अटॅक आल्याबरोबर करायची) अँजिओप्लास्टी फार काळ निभत नाही.

शेवटचं, आणि हे लगेच करता येण्यासारखं. डीएमला बहुतेक ठिकाणी प्रबंध किंवा संशोधन करावं लागतं. विषय निवडताना आपल्या जिल्ह्याकडे बघा: त्रास सुरू झाल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि ती कुठे गेली, घरी, गावच्या दवाखान्यात, की रस्त्यात. वरच्या राष्ट्रीय नोंदवहीतला आकडा सगळ्या देशाचा आहे, तुम्हाला तुमच्या तालुक्यांचा लागेल. त्या निमित्ताने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्वतः जा, ईसीजी मशीन चालू आहे का बघा, कागदाचा रोल आहे का बघा, स्ट्रेप्टोकायनेज फ्रीजमध्ये आहे का आणि त्याची मुदत संपली तर नाही ना हे कपाट उघडून बघा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला तुमचा नंबर देऊन या.